दादासाठी उतरवलेलं वजन

डॉक्टरांनी मला नापास केलं तेव्हा दुपारचे साडेबारा वाजले होते. ठाण्याच्या त्या हॉस्पिटलात ट्रान्सप्लांटच्या ओपीडीत मी आणि माझा नवरा टेबलाच्या अलीकडे बसलो होतो. डॉक्टरांनी माझा सीटी स्कॅन पडद्यावर लावला आणि पेनाने दाखवलं, "हे तुमचं लिव्हर. निरोगी लिव्हर इतकं काळपट दिसत नाही. चरबी आहे याच्यात. याच्यातला निम्म्याहून मोठा भाग आम्ही काढून तुमच्या भावाला लावणार. असं चरबीचं लिव्हर त्यांना पुरणार नाही, आणि उरलेलं तुम्हालाही पुरणार नाही."

"म्हणजे मला देता येणार नाही?"

"आज तरी नाही. आठ किलो वजन उतरवा, मग पुन्हा बघू."

त्या क्षणी माझ्या मनात जे आलं ते मी कितीतरी महिने कोणाला सांगितलं नाही. मला सुटल्यासारखं वाटलं. माझा सख्खा भाऊ चार मजले खाली वॉर्डात पोटातलं पाणी काढून घेत होता, आणि मी खुर्चीत बसल्या बसल्या एक मोठा श्वास सोडला. नवऱ्याला वाटलं मी रडतेय. त्याने माझ्या पाठीवर हात ठेवला.

दादा माझ्याहून आठ वर्षांनी मोठा. आंबिवलीला राहायचा आणि कल्याणच्या एका शाळेत प्रयोगशाळा सहाय्यक होता. आयुष्यात दारूला शिवला नाही. डायबेटिस होता, वजन होतं, आणि त्यातूनच हळूहळू लिव्हर निकामी होत गेलं. पण लिव्हर म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे एकच गोष्ट येते. सोसायटीतल्या एका बाईने वहिनीला जिन्यात गाठून विचारलं होतं, "तुमचे मिस्टर घ्यायचे का हो?" वहिनी त्यानंतर दूध आणायलासुद्धा मागच्या जिन्याने जायला लागली.

मी मानपाड्याजवळच्या एका छोट्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. रोज पन्नास जणांचं रक्त काढते. दादाच्या रक्ताची पहिली ट्यूब मीच मशीनमध्ये घालून फिरवली होती. रक्त तळाला बसून वर आलेलं सीरम हळदीच्या पाण्यासारखं पिवळंधमक होतं. मशीनमधून काविळीचा आकडा यायच्या आधीच मला कळलं होतं, आणि तरी मी मशीनवर पुन्हा दोनदा लावून पाहिलं.

दाता म्हणून घरात मी एकटीच उरले होते. वहिनीचा रक्तगट जुळत नव्हता. पुतणी सतरा वर्षांची, आणि अठरा पूर्ण झाल्याशिवाय देता येत नाही. मृत दात्याच्या यादीत दादाचं नाव घातलं होतं, पण त्या यादीत लोक वर्ष-वर्ष थांबतात. दादाकडे वर्ष नव्हतं.

म्हणजे आठ किलो उतरवायचे होते आणि ते मीच उतरवायचे होते. हे मला त्याच दुपारी कळलं होतं. पण त्यानंतरचे चार दिवस मी काहीच केलं नाही. लॅबला गेले, घरी आले, नेहमीसारखी जेवले. शेजारणीने विचारलं तर सांगितलं, "माझं चालणार नाही म्हणाले डॉक्टर." पुढचं वाक्य गिळलं. मला ऑपरेशनची भीती वाटत होती. एका बाजूच्या बरगडीपासून दुसऱ्या बाजूच्या बरगडीपर्यंत पोट फाडतात हे मी व्हिडिओत पाहिलं होतं. माझी मुलगी दहावीला होती. एखादा दाताही दगावतो हे मी ऐकलेलं होतं. मी स्वतःला सांगत होते की आपली इच्छा आहे, पण शरीरच नाही म्हणतंय, त्याला आपण काय करणार.

पाचव्या दिवशी दादाचा फोन आला. आवाज पार खोल गेलेला.

"अगं, वहिनी म्हणाली तुझं वजन कमी करायला सांगितलंय."

"हो."

"नको करूस हां उपाशीतापाशी काही. तुला चक्कर येते. लहानपणी एकादशीला पडलेलीस ना तू."

मी फोन ठेवला, पायात नवऱ्याचेच बूट घातले आणि बाहेर पडले. आम्ही राहतो त्या एमआयडीसीच्या निवासी भागातले रस्ते रुंद आहेत, पण हवेला कंपन्यांचा उग्र वास असतो. त्या वासात मी दीड तास चालले. परत आले तेव्हा टाचांना फोड आले होते.

त्यानंतर सहा आठवडे मी दुसरं काही केलं नाही असं म्हटलं तरी चालेल. सकाळी दीड तास, संध्याकाळी दीड तास. भात पूर्ण बंद. आम्ही मूळचे कोकणातले, आमच्याकडे भात नसलेल्या जेवणाला जेवण म्हणत नाहीत. उकडलेले मूग, दुधी, काकडी, ताक. नवरा आणि मुलगी माझ्यासमोर जेवायला लाजायची, मग मीच त्यांना वाढून बाल्कनीत जाऊन बसायची. पैशांचं नवरा आणि दादाच्या शाळेतले सहकारी बघत होते. त्या धावपळीत मला त्यांनी ओढलं नाही. मला एकच काम दिलेलं होतं.

दादा रोज फोन करून विचारायचा, "किती झालं?" मी आकडा सांगायची. चौऱ्याहत्तर. त्र्याहत्तर. त्र्याहत्तरच. एकाहत्तर आणि थोडं. तो आकडा दिवसभर लक्षात ठेवायचा, आणि दुसऱ्या दिवशी म्हणायचा, "काल एवढं होतं ना?"

तिसऱ्या आठवड्यात आंबिवलीला गेले तर तो पलंगावर पाय खाली सोडून बसला होता. हातपाय काटक्या, पोट मात्र टम्म फुगलेलं. वहिनी त्याला रेचकाचं सिरप पाजत होती. लिव्हर चालत नसलं की शरीरातलं विष डोक्यात चढतं, ते पोटावाटे काढायचं म्हणून हे दिवसातून तीनदा द्यायचं. म्हणजे दिवसातून पाच-सहा वेळा वहिनीने त्याला संडासला न्यायचं, आणि कधी कधी न्यायच्या आधीच चादरी बदलायच्या. गॅलरीत तीन चादरी वाळत होत्या.

दादाने माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "तुझं वजन का करतायत रोज?"

"अरे, तुझ्यासाठीच ना. ऑपरेशनसाठी."

"बारीक झालीस. एवढी बारीक मुलगी कोण पसंत करणार? बाबांना सांग, इतक्यात बघायला कोणाला बोलवू नका."

बाबा जाऊन पंधरा वर्षं झाली होती. वहिनी चमचा हातात धरून उभी होती. ती माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "सकाळपासून असंच चाललंय. मला ओळखलं, पण शाळेतली शिपाईण म्हणून."

आम्ही त्याला गाडीत घातलं आणि ठाण्याला निघालो. दुर्गाडीच्या पुलाच्या आधीच गाड्यांची रांग लागलेली होती. मागच्या सीटवर दादाचं डोकं माझ्या मांडीवर होतं, आणि तो मधूनच हाताने हवेत परीक्षानळी धरल्यासारखं करून हलवत होता. त्या पुलावर आम्ही चाळीस मिनिटं होतो. त्या चाळीस मिनिटांत मी वाया घालवलेले ते चार दिवस पहिल्यांदा मोजले. आज तिसरा आठवडा संपतोय, पण खरं तर मी आज याच्या चार दिवस पुढे असायला हवं होतं.

दोन दिवसांनी तो शुद्धीवर आला. आल्याआल्या विचारलं, "किती झालं?"

मी चालायला लागल्याला चार आठवडे झाले तेव्हा पुन्हा स्कॅन केला. डॉक्टर म्हणाले, "छान उतरलंय. पण अजून थोडं हवं. दहा दिवस थांबू."

"आत्ता घेतलं तर?"

"तुम्हाला काही झालं तर मी तुमच्या मुलीला काय सांगू?"

त्या दहा दिवसांत मी ताकही सोडलं. लॅबमध्ये एका म्हाताऱ्या बाईंची शीर मला तीनदा टोचूनही सापडली नाही, तेव्हा सरांनी मला रक्त काढण्यावरून उठवून रिपोर्ट टाइप करायला बसवलं.

दहाव्या दिवशी स्कॅन साफ आला. वजन पासष्ट. डॉक्टर पहिल्यांदा हसले. मग परवानगी देणाऱ्या समितीपुढे मला आणि नवऱ्याला बसवलं. समोर कॅमेरा होता. एका बाईंनी विचारलं, "तुमच्यावर घरच्यांचा दबाव आहे का?"

"नाही."

"कधी माघार घ्यावीशी वाटली? वाटली असेल तर आत्ता सांगा. आम्ही बाहेर काहीतरी वैद्यकीय कारण सांगू, तुमचं नाव येणार नाही."

"कधीच नाही," मी म्हणाले. नवऱ्याने संमतीपत्रावर सही केली.

गुरुवारची तारीख मिळाली. सोमवारी सकाळी दादाला थंडी वाजून ताप आला.

पोटात साठलेल्या पाण्यात जंतू झाले होते. ठाण्याला पोचलो तेव्हा त्याचा रक्तदाब यंत्रावर येतच नव्हता. मंगळवारी लघवी थांबली, डायलिसिस सुरू केलं. बुधवारी नळी घालून व्हेंटिलेटरवर ठेवलं. आयसीयूच्या काचेतून मला फक्त त्याचे पाय दिसायचे, इतके पिवळे की चादरीवर वेगळे उठून दिसत होते.

गुरुवारी मी सकाळी सातला उपाशीपोटी हॉस्पिटलात जाऊन बसले. कोणी बोलावलं नव्हतं. डॉक्टर राउंड संपवून बाहेर आले तेव्हा मी त्यांच्या वाटेत उभी राहिले.

"माझं तयार आहे, डॉक्टर. आज तारीख आहे आमची."

"मला माहीत आहे."

"मग घ्या ना. मी काही खाल्लेलं नाही. पाणीसुद्धा नाही."

ते खाली बाकावर बसले आणि मलाही बसवलं. "या अवस्थेत त्यांना टेबलावर घेतलं तर ते तिथेच जातील. इन्फेक्शन आटोक्यात आलं तर मी स्वतः तुम्हाला फोन करेन. आज तुम्ही घरी जा आणि जेवा."

मी घरीही गेले नाही आणि जेवलेही नाही. जेवले तर चरबी परत चढेल असं मला वाटत होतं. पुढचे पाच दिवस मी त्या हॉस्पिटलच्या जिन्यावरून वर-खाली करत राहिले, तळमजल्यापासून सातव्यापर्यंत. वॉचमनने पहिल्या दिवशी हटकलं, मग सोडून दिलं. वहिनी आयसीयूबाहेर बसून असायची. मी घामाघूम होऊन शेजारी येऊन टेकले की पाण्याची बाटली पुढे करायची.

मंगळवारी सकाळी अकराच्या सुमाराला दादा गेला.

संध्याकाळपर्यंत आंबिवलीच्या स्मशानात सगळं आटोपलं. दिवसकार्य झालं. तेराव्याला वहिनीने आग्रहाने वाढलं, मी जेवले. ठाण्याहून कागदपत्रं घ्यायची होती तेव्हा मी डॉक्टरांना गाठून विचारलं, "मी चार दिवस आधी तयार झाले असते तर?"

"असं सांगता येत नाही," ते म्हणाले. "ताप तेव्हाही येऊ शकला असता. ऑपरेशननंतरही आला असता." मग म्हणाले, "कदाचित आला नसता. खरंच सांगता येत नाही."

त्यांनी खोटं बोलून मला मोकळं केलं असतं तर मी विश्वास ठेवला असता. पण ते खोटं बोलले नाहीत.

दोन महिन्यांनी एका रविवारी मी आंबिवलीला गेले होते. पुतणी क्लासला गेलेली. वहिनी दादाचे कपडे काढून खाटेवर ठेवत होती. शर्ट एका बाजूला, बनियन एका बाजूला. मी तिला सगळं सांगितलं. ओपीडीत सुटल्यासारखं वाटलं ते, चार दिवस मी काही केलं नाही ते, समितीसमोर खोटं बोलले ते. ती घड्या घालत होती. एकदाही माझ्याकडे बघितलं नाही.

"चार दिवस," ती शेवटी म्हणाली.

"हो."

"हे मला का सांगितलंस?"

मी एक बनियन उचलून घडी घालायला लागले.

"तुझं ओझं हलकं झालं असेल," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "मी आत्तापर्यंत सगळ्यांना सांगत होते, माझ्या नणंदेने जिवाचं रान केलं. मला तेवढंच धरून राहायचं होतं. आता मी ते चार दिवस मोजत बसणार."

तिने चहा केला, मी प्यायले, आणि निघाले. दारापर्यंत ती आली नाही.

तीन आठवडे तिचा फोन आला नाही, आणि माझी करायची हिंमत झाली नाही. मग एका सकाळी लॅबमध्ये असताना आला. यांच्या मृत्यूच्या दाखल्यावर बाबांचं नाव चुकलंय, दुरुस्तीसाठी रक्ताच्या नात्यातलं कोणीतरी लागेल म्हणाले, तू येशील का.

ठाण्याच्या पालिकेच्या कार्यालयात आम्ही रांगेत पाऊण तास उभ्या होतो. तिने फॉर्म भरला, मी सही केली. खिडकीतला माणूस म्हणाला, "आठ दिवसांनी या." बाहेर आल्यावर वहिनीने रस्ता ओलांडताना माझा दंड धरला, आणि पलीकडे गेल्यावर सोडला. आठ दिवसांनी आम्ही दोघी पुन्हा गेलो आणि दाखला घेऊन आलो.