रंगाखालची रेघ

देहूरोडचा बाजार मागे पडला, लष्कराच्या भिंतीही संपल्या, तरी साक्षी सायकलवर बसली नाही. हँडल धरून ती सायकल ढकलतच चालली होती, आडमुठं वासरू घराकडे न्यावं तशी. रस्त्यानं ट्रक आला की अंग चोरायची आणि गेला की पुन्हा झपाझपा पावलं टाकायची.

मागून दीपमाला येत होती. तिच्या हातात पिशवी होती आणि पिशवीत रिकामा तांब्या, नारळाचं अर्धुकं. चपलेचा अंगठा चावायला लागला होता. घोरावडेश्वराच्या पायऱ्या चढून उतरल्यावर एवढी पायपीट होईल असं कुणी सांगितलं असतं तर तिनं दुसरी चप्पल घातली असती.

"अगं, बस की तिच्यावर," ती म्हणाली. "मी येते मागून सावकाश."

"नको."

"मग आणली कशाला? सायकल असून पायी चालायलोत. लोकं हसायलेत."

"हसू देत, दीपाताई. लोकांना रविवारी दुसरं काम काय?"

सायकल का आणली हे खरं तर दोघींनाही ठाऊक होतं. पहाटे बिल्डिंगीतल्या शेखरच्या पावाच्या टेम्पोत सायकल घालून दोघी डोंगराच्या पायथ्याशी उतरल्या होत्या. दीपमालाला महादेवाला पाणी घालायचं होतं. साक्षीला पायऱ्यांच्या बाजूनं जाणारी ती खडकाळ उतरण पुन्हा एकदा सायकलवरून उतरायची होती. दिवाळीनंतर ती तिथंच पडली होती आणि खांद्याजवळचं हासळीचं हाड मोडून घेतलं होतं. हाड जुळलं, डॉक्टरनं परवानगी दिली, त्यालाही आता बरेच दिवस झाले. वर लेण्यात दीपमालानं पिंडीवर तांब्या रिता केला. साक्षी नेहमीप्रमाणे शेजारच्या दगडी खोल्यांपुढे हात जोडून, डोळे मिटून उभी राहिली. तिचा बुद्ध, हिचा महादेव, आणि दोघांना एकच डोंगर. मग साक्षीनं हेल्मेट घातलं, उतरणीच्या तोंडाशी गेली, एक पाय पेडलवर ठेवला. दुसरा पाय जमिनीवरून उचललाच नाही. बराच वेळ तशीच उभी राहिली आणि हेल्मेट काढून म्हणाली, "चला. चालत जाऊ."

कासारवाडीला रेल्वेलाइनच्या अंगाला त्यांची इमारत आहे. दीपमाला तळमजल्याला राहते. लातूरकडून लग्न होऊन आली, नवरा गेल्यावर पोळ्यांचे डबे करू लागली, अजून करते. साक्षी वरच्या मजल्यावर तिच्या वडिलांबरोबर. वडील साहेबराव स्कूटरच्या कंपनीत पेंट शॉपला होते. निवृत्त होऊन जमाना झाला, तरी अजून कुणाचं दार, कुणाचं कपाट रंगवून देतात. साक्षी चाकणला पार्ट तपासायला जाते. काळ्या पडद्याच्या खोलीत जांभळ्या दिव्याखाली बसायचं, पुढ्यात येणारा लोखंडी पार्ट गोल फिरवून बघायचा. तडा असेल तर हिरवी रेघ चमकते. चमकली की पार्ट बाजूला. लग्नाचं दोनदा ठरता ठरता राहिलं, पुढं तिनंच विषय बंद केला. चाळिशी ओलांडल्यावर डोंगरात सायकल घालायचं वेड घेतलं तेव्हा बिल्डिंगीतल्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. दीपमालाही हसली होती. पण रविवारी ही पोरगी चिखलानं माखून जिना चढायची तेव्हा तिच्या तोंडावर जे असायचं, ते दीपमालानं देवळातून बाहेर पडणाऱ्या माणसांच्या तोंडावरही क्वचित पाहिलं होतं.

एक खोड मात्र होती. साक्षीला जिथं तिथं तडे दिसायचे. चहा प्यायला बसली की कप दिव्याकडे धरून म्हणायची, "दीपाताई, हा फेका, कानाशी गेलाय." दीपमाला म्हणायची, "गेला तर जाऊ दे, चहा तर गळत नाही ना!"

पडल्यावर साक्षीनं सगळ्यांना एकच सांगितलं. फ्रेम गेली. उतरणीवर खालून 'कट' असा आवाज आला, सायकल वळली आणि मी खाली. मग घरी तिनं भोसरीहून तडे शोधायचे फवारे आणून आपल्याच सायकलची तपासणी केली. लाल रंग मारायचा, थांबायचं, पुसायचा, वरून पांढरी पूड उडवायची. फट असेल तर तिथं मुरलेला लाल रंग वर येतो. हँडलच्या खाली, जिथं दोन नळ्या जोडल्यात तिथं, केसाएवढी लाल रेघ उमटली. तिनं ती दीपमालालाही दाखवली होती. तेव्हापासून टायटॅनियमचं खूळ डोक्यात शिरलं. टायटॅनियमची फ्रेम. गंजत नाही, थकत नाही, लवते पण तुटत नाही. निगडी प्राधिकरणात एकजण वापरलेली विकतोय, हे कळल्यापासून तर तिचं जेवणात लक्ष नव्हतं. आज परतताना ती बघायची आणि संध्याकाळपर्यंत हो की नाही कळवायचं, असं ठरलं होतं.

"लांब आहे का गं अजून?"

"हे काय, आलंच."

ते 'आलंच' बरंच लांब निघालं.

विकणाऱ्याचं नाव समर्थ. माणच्या बाजूला कुठल्याशा कॉम्प्युटरच्या कंपनीत होता, वागायला मोकळा. त्यानं दोघींना थेट गॅलरीत नेलं. फ्रेम भिंतीला टांगलेली होती आणि तिच्यावर बाळाची दुपटी वाळत घातली होती. आतून बायकोचा आवाज आला, "विकलं का एकदाचं?"

"अगं, लोक बघायला आलेत!"

"मग दुपटी काढ ना आधी!"

समर्थनं घाईघाईनं दुपटी गोळा केली. दीपमालानं वाकून पाहिलं. ना रंग, ना चकाकी. कल्हई केलेलं पातेलं धुऊन पालथं घातल्यावर दिसतं तसा रंग. नळ्या जोडल्या होत्या तिथून मात्र डोळा हटत नव्हता. करंजीला मुरड घालावी तशी सारखी, बारीक मुरड, कुठं जाड नाही की कुठं सुटलेली नाही.

"हिला रंग का नाही दिला?" तिनं विचारलं.

"लागतच नाही, मावशी. आत जे आहे तेच बाहेर. लपवायला काही नाहीच."

साक्षीनं फ्रेम दोन बोटांवर उचलली. तशीच धरून राहिली. मग अंगठा मुरडीवरून फिरवायला लागली, एक जोड, दुसरा जोड, पुन्हा पहिला. दीपमालाला वाटलं, आता घेतेच ही. चेहरा तसाच झाला होता, रविवारी जिना चढतानाचा.

"मॅडम, नातवंडांनापण पुरेल," समर्थ म्हणाला.

"मला नातवंडं नाहीत." साक्षी वर न बघता म्हणाली. "तुम्ही पडलात का कधी हिच्यावरून?"

"पडलो ना! पहिल्याच रविवारी." त्यानं बाही वर करून कोपराचा व्रण दाखवला. "त्यानंतर बायकोनं भिंतीलाच लावली."

"मग फ्रेमला काय झालं?"

"फ्रेमला काय होणार? झालं ते मला." तो हसला. "ती आपटली, पुसली, होती तशी."

साक्षीनं फ्रेम हळूच परत खुंटीला लावली. चेहऱ्यावरचं ते सगळं एकदम विझलं. "संध्याकाळी फोन करते," एवढंच म्हणाली. समर्थनं चहाला थांबा म्हटलं तरी थांबली नाही. जिन्यात दीपमालाला मागून पळावं लागलं.

पुन्हा रस्ता. मेट्रोच्या कामाचे पत्रे, धूळ. साक्षी आता आणखी जोरानं चालत होती. मधेच थांबायची, खाली वाकून आपल्या निळ्या फ्रेमवरची ती जागा बघायची, पुन्हा चालायची. निळा रंग साहेबरावांनी मारलेला. सायकल घेतली तेव्हा तिच्यावर कसलीशी भडक चित्रं होती. बापानं ती घासून काढली आणि अंगणात दोरीला टांगून, तोंडाला फडकं बांधून असा रंग मारला, की येणारा-जाणारा विचारायचा कुठल्या शोरूमची.

आकुर्डीच्या अलीकडे फोन वाजला. साक्षीनं दोन्ही हातांत सायकल म्हणून स्पीकर लावला.

"काय झालं गं? घेतली का?" साहेबरावांचा खडा आवाज.

"नाही अजून. बघितली."

"कसली बघितली? बिनरंगाची ती? त्यापेक्षा मी काय सांगतो महिनाभर? त्या जागचा रंग खरवड. पॉलिश पेपर मार. पत्रा उघडा कर नि मग फवारा उडव. रंगावर फवारा मारून तडा कळतो का? रंगाला तडा असला तरी लाल दिसतं नि पत्र्याला असला तरी लाल दिसतं. चाकणला असा रंगवलेला पार्ट तपासतेस काय?"

"बाबा, रस्त्यात आहे."

"रंगाचं काय घेऊन बसलीस? परत मारू की! हात थरथरत असला तरी एवढ्याशा जागेला पुरतो माझा."

फोन बंद झाला. दीपमाला तिच्याकडे बघत राहिली. तिला इतके दिवस वाटत होतं, बापाच्या हातचा रंग म्हणून पोरीला खरवडवत नाही. आता तर बापच खरवड म्हणत होता.

"म्हणजे ती रेघ नुसती रंगाची असू शकते?"

"हो."

"आणि हे तुला ठाऊक होतं?"

"मी दिवसभर तेच काम करते, दीपाताई. मला नाही ठाऊक असणार?"

"मग का गं बाई? एवढा जीव का जाळायलीस? खरवडायचं, बघायचं. तडा असंल तर ती करंजीवाली घ्यायची. नसंल तर हीच चालवायची. ह्यात अवघड काय हाय?"

रस्त्याकडेला रसवंतीचं बंद गुऱ्हाळ होतं, त्याच्या बाकड्याला साक्षीनं सायकल टेकवली आणि खाली बसली. पण बसवलं नाही. उठली. ब्रेक दाबून पाहिला, सोडला, पुन्हा दाबला.

"नसला तर?" ती म्हणाली.

"काय नसला तर?"

"तडा. खाली पत्रा धडधाकट असला तर मग मी पडले कशी? त्या खडकावरून मी किती वेळा उतरलेय. त्या दिवशी मधेच भीती वाटली. कशाचीच नाही, नुसती. हात आखडले, पुढचा ब्रेक कचकन दाबला गेला. असं वाटतं मला. आणि तो आवाज... आवाज फ्रेमचा होता की माझ्या हाडाचा, हे सांगता येत नाही. आधी आला की नंतर, तेही नाही." तिचा आवाज खाली आला. "फ्रेम तुटली असेल तर फ्रेम बदलता येते. टायटॅनियमची घेते, रविवारी डोंगरात. पण मी तुटले असेन तर ती टायटॅनियम घेऊन काय करू? तो समर्थ बघितलात ना, पहिल्याच रविवारी पडला. फ्रेम होती तशी."

दीपमालाला सकाळचा तो जमिनीवर रोवलेला पाय आठवला. तिनं मनातल्या मनात महादेवाचं नाव घेतलं. असल्या वेळी उगाच काही म्हणणं तिला जमायचं नाही.

"भीती वाटणं म्हणजे तुटणं न्हाई," ती शेवटी म्हणाली. "नवरा गेल्यावर मला गॅस पेटवायची भीती वाटायची. काडी ओढली की हात कापायचा. तरी पोळ्या केल्याच की. कापत्या हातानं केल्या."

"आणि जळल्या?"

"जळल्या की! पहिल्या महिन्यातल्या कितीतरी जळल्या. डबेवाली पोरं कुरकुरत खायची."

साक्षी हसली. डोंगरावरून उतरल्यापासून पहिल्यांदा. मग परत तोंड कसनुसं झालं. तिनं पाठीवरची पिशवी पुढं ओढली, चाचपली आणि आतून कागदात गुंडाळलेला पॉलिश पेपर काढला. घड्या पडून पडून तो मऊ झाला होता. बऱ्याच दिवसांपासून बरोबर वागवत असणार. त्यामागून दोन फवारे आणि चिंधी काढून बाकड्यावर ठेवली.

"तुम्ही तवा घासता ना, काजळ धरलेला?" ती म्हणाली. "अगदी खाली लोखंड दिसेपर्यंत?"

"घासते. का गं?"

साक्षीनं पेपर तिच्या हातात दिला. सायकल उलटी करून बाकड्यावर अशी टेकवली, की हँडलखालची ती निळी जागा दीपमालाच्या अगदी पुढ्यात आली. मग तिच्याकडे पाठ करून रस्त्याकडे तोंड केलं. खांद्याचं हाड जिथं जुळलं होतं तिथं तिचा हात आपोआप गेला.

"तुम्ही खरवडा, दीपाताई. माझ्याच्यानं होत नाही. पत्रा लागला की लाल मारा, पुसा, पांढरं उडवा, मी सांगते तसं. आणि रेघ आली तरी सांगा, नाही आली तरी सांगा. मला बरं वाटावं म्हणून काही बोलू नका. दिसेल तेवढंच सांगा."