दालचिनीच्या तेलात खोबरेल

मंगळवारी सकाळी हे, म्हणजे माझे यजमान, दूध आणायला खाली उतरले, फाटकापाशी बसले आणि गेले. रखवालदाराने मला बोलावलं. मी पोचले तेव्हा दुधाची पिशवी त्यांच्या मांडीवर होती.

त्या दिवसापासून अत्तेंचे पाय गार पडले. अत्ते म्हणजे माझ्या सासूबाई. बंगळुरात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या या मराठी घरात सासूला कानडीतल्यासारखं अत्ते म्हणतात. बेळगावहून लग्न होऊन आले तेव्हा मला ते परकं वाटलं होतं; आता तोंडात दुसरं काही येत नाही. रोज संध्याकाळी देवापाशी दिवा लागला की हे आईच्या पायांशी एका लाकडी स्टुलावर बसायचे आणि वाटीत कोमट केलेलं तेल तिच्या पोटऱ्यांना, तळव्यांना चोळायचे. दोघं फारसं बोलत नसत. मी पलीकडच्या खोलीत वाचत बसलेली असे आणि वाटी जमिनीवर टेकल्याचा आवाज आला की जेवायची वेळ झाली असं समजून उठत असे.

सुतक फिटल्यावर एका संध्याकाळी मी ती वाटी घेऊन स्टुलावर बसले. अत्तेंनी साडी घोट्यांपर्यंत ओढून घेतली. गुडघ्यांना लाव म्हणाल्या, पायांना बेडा. बेडा म्हणजे नको. मी गुडघ्यांना लावलं.

आम्हाला मूल नाही. घरात आम्ही दोघीच उरलो होतो, आणि अक्का, म्हणजे यांची थोरली बहीण, शहराच्या टोकाच्या येलहंक्याहून दर रविवारी येऊ लागल्या होत्या. आल्या की आधी फ्रीज उघडत, मग आईच्या गोळ्यांचा डबा बघत, मग खोलीचं दार लोटून तिच्याजवळ बसत. आतून बोलणं ऐकू येई, शब्द कळत नसत. आईला आपल्याकडे न्यायचं आहे असं त्या कधी सरळ म्हणाल्या नाहीत. पण आमच्याकडे खालीच खोली आहे, जिने चढायला लागत नाहीत, असं मात्र दोनदोनदा सांगून जात. मुलगा गेल्यावर सासूवर सुनेचा हक्क कितीसा राहतो, हे मी कोणाला विचारणार? मला एवढंच हवं होतं की अत्ते इथे राहाव्यात. यांच्या खोकण्याचा, यांच्या चालण्याचा आवाज ओळखणारं त्या घरात माझ्याशिवाय दुसरं माणूस त्याच होत्या.

थंडी सुरू झाली तेव्हा अक्कांनी एक बाटली आणली. त्यांच्या सोसायटीत कसलंसं प्रदर्शन भरलं होतं, तिथे घेतलेली. दालचिनीचं तेल, अस्सल, सांध्यांना ऊब देतं, रोज लाव, असं त्यांनी मला सांगितलं. मी बाटली हातात घेतली आणि मला ती आवडली नाही. मी कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी केली आहे. नवं पुस्तक हातात आलं की आधी मुखपृष्ठामागचं पान बघायची सवय आहे. ज्याच्यावर प्रकाशकाचा पत्ता नाही ते मी बाजूला ठेवत असे. या बाटलीवर दालचिनीच्या सालींचं सुंदर चित्र होतं, पण तेल सालीचं की पानांचं ते लिहिलेलं नव्हतं, कोणी काढलं, कुठे भरलं, तेही नव्हतं. बूच उघडलं तर वास घशाच्या मागे जाऊन बसला. स्वयंपाकघरातल्या डब्यातली दालचिनी अशी अंगावर येत नाही. हे काय आहे आणि ते आत्ताच का आणलं, दोन्ही प्रश्न माझ्या मनात एकदमच आले.

अत्तेंचा मधुमेह बघणाऱ्या डॉक्टरांकडे मी ती बाटली घेऊन गेले. त्यांनी वास घेतला आणि मान मागे केली. असं तेल नुसतं अंगाला लावलं तर कातडी भाजल्यासारखी होते, म्हणाले. लावायचंच असेल तर भरपूर खोबरेलात एखादा थेंब, तोही आधी हाताच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस वाट बघून. डोळ्यांजवळ न्यायचं नाही, पोटात जाऊ द्यायचं नाही, दिव्याजवळ ठेवायचं नाही. आणि अत्तेंच्या पावलांना कधीच नाही, कारण साखरेमुळे त्यांच्या पावलांची जाणीव कमी झाली आहे. भाजलं तरी त्यांना कळणार नाही.

अक्का येऊन विचारणार हे ठाऊक होतं, म्हणून बाटली टाकून द्यायचा धीर मला झाला नाही. मी वाटीत चार मोठे चमचे खोबरेल घेऊन त्यात एक थेंब टाकला, चमच्याने ढवळलं, आधी माझ्या कोपराच्या आतल्या बाजूला लावलं, दुसऱ्या दिवशी अत्तेंच्या. काही उठलं नाही तेव्हा गुडघ्यांना लावू लागले. बाटली बैठकीच्या कपाटात, पुस्तकांच्या मागे ठेवली.

मी तेल मिसळत असताना अत्ते खुर्चीवरून बघत असत. माझ्या हाताकडे, बाटलीकडे, पुन्हा हाताकडे. माझ्या सासऱ्यांचं पेठेत तेलाचं दुकान होतं. ते बंद होऊन फार वर्षं झाली, पण तोवर गल्ल्याशेजारी अत्ते बसत. शेंगतेलात कोणी पामतेल मिसळलं असेल तर तळहातावर थेंब चोळून, वास घेऊन त्या ओळखत, आणि एका घाऊक व्यापाऱ्याचे डबे त्यांनी भर रस्त्यावर गाडीत परत चढवायला लावले होते, ही गोष्ट या घरात लग्नकार्यात हटकून निघते. मला ते सगळं माहीत होतं. तरी त्यांचं ते बघणं मला दुःखाचं वाटलं. मुलाच्या स्टुलावर दुसरं कोणी बसलेलं बघणं सोपं नसणार, असं मी समजले.

मग बाटलीतलं तेल कमी होऊ लागलं.

मी एकेक थेंब वापरत होते, आणि तेल लेबलावरच्या चित्राच्या पार खाली आलं होतं. अत्तेंच्या पांघरुणाला दालचिनीचा वास येत होता. मी गुडघ्यांना जे लावत होते त्याला तर जेमतेम वास होता. एक दिवस केर काढताना दिसलं, पलंगाजवळच्या स्टुलाचं पॉलिश एका ठिकाणी गोल उडालं होतं. बोट लावलं तर चिकट लागलं. बाटलीच्या बुडाएवढाच तो गोल होता.

माझा संशय अक्कांवर गेला. रविवारी दार लोटून त्या बसत, तेव्हा माझ्यावर विश्वास नाही म्हणून स्वतःच आईच्या पायांना तेल लावत असणार. मी फोनवर आडून विचारलं, तेल फार लवकर संपतंय, तुम्ही काही लावता का म्हणून. त्या दुखावल्या. मी कशाला लावू, म्हणाल्या, तू काय लावतेस ते बघ आधी. फोन ठेवल्यावर माझी खात्रीच झाली.

त्या आठवड्यात एका सकाळी अत्ते बाल्कनीत उन्हाला बसल्या बसल्या पेंगत होत्या. ऊन पायांवर यावं म्हणून मी त्यांचे लोकरीचे मोजे काढले. दालचिनीचा वास आला. डावं पाऊल वरून लाल झालं होतं आणि घोट्यापाशी पाणी भरलेला फोड होता. त्या जाग्या झाल्या, पायाकडे बघितलं आणि म्हणाल्या, दुखत नाही काही. असलं तेल पाण्याने निघत नाही हे मला वाचून माहीत होतं, म्हणून फोडाला धक्का न लावता आधी साध्या खोबरेलाच्या बोळ्याने आजूबाजूचं टिपून घेतलं, मग सौम्य साबणाने धुतलं, आणि रिक्षा करून डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी पट्टी बांधली, रोज बदलायला सांगितली आणि विचारलं की हे लावलं कोणी. मला माहीत नाही, मी म्हणाले. अत्ते भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होत्या.

रविवारी अक्कांनी पट्टी बघितली. मी सगळं सांगेपर्यंत त्यांनी कपाट उघडलं होतं. आईच्या साड्या काढून त्या पलंगावर ठेवू लागल्या.

"आई माझ्याकडे येईल आता," त्या म्हणाल्या. "इथे तिच्याकडे बघायला आहे कोण?"

मी दारात उभी होते. बाटलीचं, स्टुलाचं, लोटलेल्या दाराचं सगळं माझ्या ओठांवर होतं. ते बोलले असते तर साड्या जास्तच भराभर निघाल्या असत्या.

"ठेव त्या साड्या," अत्ते म्हणाल्या. "तेल मी लावलंय."

अक्का वळल्या. "तू? पायाला? कशाला?"

"ही भेसळ करते." अत्तेंनी हनुवटीने माझ्याकडे दाखवलं. "तू एवढं चांगलं तेल आणलंस, आणि ही त्यात खोबरेल ओतते. चमच्यावर चमचे. मला काय दिसत नाही? तुझ्या बापाने असल्या माणसाला दुकानाची पायरी चढू दिली नसती."

अक्का माझ्याकडे बघत राहिल्या आणि मग हसायला लागल्या. त्या मंगळवारनंतर त्यांना हसताना मी पहिल्यांदाच बघत होते. हसता हसता पलंगावर बसल्या आणि डोळे पुसू लागल्या. मी खोबरेल का घालते ते सांगितलं, डॉक्टर काय म्हणाले तेही. अत्तेंनी ऐकून घेतलं.

"मग आधी सांगायचं."

"तुम्ही विचारलं नाहीत, अत्ते."

"भेसळ करणाऱ्याला विचारून काय कळतं गं?"

मी बाहेर गेले की त्या कपाटातून बाटली काढत, स्टुलावर ठेवत, बोटावर घेऊन लावत. मी वाण्याकडे जाऊन येईपर्यंत बाटली पुन्हा पुस्तकांच्या मागे. हे त्यांनी कसलाही संकोच न करता सांगितलं. पण गुडघे दुखतात तर गुडघ्यांना लावायचं, पायांना का, असं अक्कांनी विचारलं तेव्हा त्यांनी स्टुलाकडे बघितलं.

"तो पायांनाच लावायचा," त्या म्हणाल्या. "गरम वाटायचं. हे लावलं, तर गरम काही वाटेना. म्हणून अजून लावलं."

खाली कोणीतरी गाडी मागे घेत होतं, तिचा आवाज बराच वेळ येत राहिला.

मग अक्कांनी पहिल्यांदाच सरळ विचारलं, "आई, येतेस का माझ्याकडे? तू सांग."

अत्तेंनी साड्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"नको. हिच्यावर लक्ष ठेवायला कोणीतरी पाहिजे."

"सरी," म्हणजे बरं, अक्का म्हणाल्या, आणि साड्यांच्या घड्या पुन्हा कपाटात लावू लागल्या. मी चहा ठेवायला गेले.

फोड भरून यायला वेळ लागला. दालचिनीचं तेल आता गुडघ्यांनाही लावत नाही. ती बाटली माझ्या कपाटात कुलुपात आहे. पाय बरा झाल्यावर मी डॉक्टरांना विचारून साधं खोबरेल सुरू केलं. ते कोमट करते, माझ्या मनगटावर लावून बघते आणि त्यांच्या पायांना लावते, बोटांच्या बेचक्या सोडून. अत्तेंनी आता साडी ओढून घेणं सोडलं आहे. पण वाटी खाली ठेवण्याआधी ती त्यांच्यापुढे धरावी लागते. त्या एक थेंब तळहातावर घेतात, चोळतात, वास घेतात आणि मग पाय पुढे करतात.

अक्का रविवारी येतात. स्टुलावर पॉलिश उडालेला गोल तसाच आहे, आणि अत्तेंच्या घोट्यापाशी एक काळा डाग राहिला आहे.