बंदुकीचं कपाट

निवडणूक संपली आणि ठाण्यात जमा केलेली बंदूक मामाजी घरी घेऊन आले. मामाजी म्हणजे माझे सासरे. मोताळ्याजवळच्या आमच्या गावात रानडुकरांचा उच्छाद फार. पीक राखायला म्हणून त्यांनी माझ्या लग्नाच्या कितीतरी आधी परवाना काढून ही दुनळी घेतली होती. समोरच्या खोलीत दिवाणाच्या वर एक खुंटी होती, बंदूक तिथंच टांगलेली असायची. काडतुसांचा डबा बाजूच्या फळीवर, रेडिओला खेटून.

मात्र बंदूक ठाण्यात असतानाच माझी मुलगी चालायला लागली होती. चालायला कसली, चढायलाच. मामाजींनी बंदूक खुंटीला अडकवली न अडकवली तोच ती दिवाणावर गेली, लोडावर उभी राहिली आणि खाली लोंबणारा पट्टा तिनं दोन्ही हातांनी धरला. मामाजींनी एका हातानं बंदूक सावरली, दुसऱ्या हातानं नातीला.

"रिकामी हाये, रिकामी हाये," ते मला म्हणाले. "ठाण्यातच नळ्या उघडून पाह्यल्या म्या."

"आज रिकामी हाये," आतून सासूबाई म्हणाल्या.

मामाजींनी पोरीला कडेवर घेतलं आणि बंदूक खुंटीवरून काढली. मग त्यांनी विचारलं, "मंग कुठं ठेवू वं, सूनबाई?"

मी म्हटलं, "कुलपात. आणि काडतुसं वेगळ्या कुलपात."

पहिला प्रयोग सासूबाईंच्या कपाटात झाला. बंदूक उभी मावेना, म्हणून मामाजींनी ती साड्यांवर तिरपी ठेवून कुलूप घातलं. पुढच्याच आठवड्यात एका लग्नाला जायला सासूबाईंनी हिरवी साडी काढली, तर पदराला बंदुकीचं तेल!

"लग्नाले चालली मी का शिकारीले?" त्यांनी विचारलं. मामाजींनी त्याच दिवशी मोताळ्याच्या वेल्डिंगवाल्याला गाठलं.

त्यानं बंदुकीच्या मापाचं अरुंद, उंच लोखंडी कपाट करून दिलं. मामाजींनी ते आतल्या खोलीत भिंतीला बोल्टनं पक्कं आवळून घेतलं आणि चावी करदोट्याला बांधली. काडतुसांसाठी एक जाड पत्र्याची पेटी आली. तिची चावी मी त्यांच्यासमोरच सासूबाईंच्या हातात ठेवली.

"हे काय? माह्या काडतुसाची चावी हिच्यापाशी?"

"हाव," सासूबाई चावी कमरेच्या बटव्यात टाकत म्हणाल्या. "काहाले पाह्यजे ते सांगत जा, मंग देईन."

खरी गंमत पुढं झाली. मक्याची कणसं भरात आली होती. एका संध्याकाळी शेतावर राबणाऱ्या सालदाराचा फोन आला, डुकरं वावरात शिरलीत. मामाजींनी बंदूक काढली आणि पेटीपाशी येऊन थबकले. सासूबाई शेजारच्या बारशाला गेल्या होत्या, बटव्यासकट. बंदूक पुन्हा कपाटात ठेवून, कुलूप लावून ते तसेच मोटारसायकलवर निघाले. मी पोरीला घेऊन मागोमाग.

बारशाचं घर बायकांनी भरलेलं. पाळणा म्हणणं चाललेलं. दारात उभं राहून मामाजींनी हाक दिली, "अवं, चावी दे!"

पाळणा थांबला. सगळ्या बायका वळून बघायला लागल्या. एकीनं विचारलं, "काहाची चावी जी?" आणि मामाजी लाजत म्हणाले, "काडतुसाची. डुकरं शिरली वावरात." बायका हसून हसून लोटपोट. सासूबाईंनी विचारलं, "किती डुकरं हायेत?"

"मी काय मोजून राह्यलो काय?"

"चला, मीबी येते. पाहू."

घरी जाऊन चावी लावण्यात वेळ गेला असता. त्या मोटारसायकलवर मागं बसल्या आणि बारशाच्या घरचा तेलाचा रिकामा डबा नि एक उलथनं उचलून घेऊन गेल्या.

पुढचं मामाजींनीच आम्हाला सांगितलं, जेवताना, मध्येमध्ये हसू आवरत. वावराच्या धुऱ्यावर, बांधापाशी उतरल्याबरोबर सासूबाईंनी डबा बडवायला सुरुवात केली. सोबत अशी आरोळी की डुकरं तर पळालीच, पलीकडच्या वावरातला माणूससुद्धा पळाला. "तीस वर्षं संसार केला हिच्यासंगं," मामाजी म्हणाले, "हा आवाज मले ठाऊकच नव्हता!"

"मोठ्यानं बोलाची येळच कुठं आली मले?" सासूबाई म्हणाल्या, आणि त्यांनी मामाजींच्या ताटात न विचारता आणखी एक भाकर वाढली.

त्यानंतर कणसं तोडेपर्यंत दोघं रोज संध्याकाळी सोबतच वावरात जायचे. बंदूक बहुतेक वेळा घरीच असायची. जाताना सासूबाई डब्यात मिरचीचा ठेचा बांधून न्यायच्या, येताना दोघांच्या अंगाला भाजलेल्या कणसांचा वास. माझी मुलगी लांबूनच मोटारसायकलचा आवाज ओळखायची आणि फाटकाशी जाऊन नाचायची. मामाजी तिला उचलून टाकीवर बसवायचे, मग तिघं मिळून अंगणात एक फेरी मारायचे.