नलिनीताईंना रेल्वे बंद!

घरी बसलेल्या माणसाकडे किस्से नसतात. तो फार तर दूध उतू गेल्याचं सांगेल! आम्ही चौघी मात्र महिन्यातून एकदा सकाळची गाडी पकडतो आणि संध्याकाळी घरी परत. तेवढ्यात इतकं घडतं, की काय सांगू आणि काय नको!

चौघी म्हणजे इंदिरानगरच्या जॉगिंग ट्रॅकवरच्या मैत्रिणी. मी, कल्पना, सविता आणि सगळ्यात मोठ्या नलिनीताई. ताईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि त्यांचा मुलगा मंदार म्हणाला, "आई, आता रेल्वे बंद." ताईंनी जेवणच टाकलं. शेवटी तह झाला. जायचं, पण दिवेलागणीच्या आत परत, आणि काही गडबड झाली की ती ट्रिप शेवटची.

ताई आम्हाला म्हणाल्या, "बायांनो, सगळं तुमच्या हातात!"

आमच्या हातात! बोला आता!

*

तहानंतरची पहिली ट्रिप इगतपुरी. आमचा रिवाज असा, की नाशिकरोड सुटलं की कल्पनाने भेळ कालवायची. पातेलं ताईंच्या मांडीवर, कारण एका जागी बसायचा हुकूम त्यांनाच! कांदा पडला, चटणी पडली, चिंचेचं पाणी पडलं आणि इगतपुरी आली. आता भरलं पातेलं घेऊन उतरणार कसं?

ताई म्हणाल्या, "खाऊन घ्या गं. इगतपुरी कुठे पळून जातेय?"

इगतपुरी जागेवरच राहिली, आम्ही पोचलो कसाऱ्याला! दंड भरला. पण काय तो घाट! बोगदा आला की चौघी पोरींसारख्या ओरडत होतो.

संध्याकाळी मंदारने विचारलं, "कशी होती इगतपुरी?"

ताई म्हणाल्या, "गाडीतून फार छान दिसते!"

*

सविता ओझरच्या विमान कारखान्यातून रिटायर झाली. हे ऐकून एकदा गाडीत समोर बसलेल्या काकांनी विचारलं, "मग विमानातून कुठे कुठे फिरलात?"

सविता म्हणाली, "कुठेच नाही. हलवाई कधी स्वतःची जिलबी खातो का?"

काका इतके खूश झाले, की उठून खिडकीची जागा दिली. सविताला नाही, नलिनीताईंना!

*

लासलगावला कांद्याचा लिलाव बघायला गेलो. नुसता बघायचा, असं पक्कं ठरलं होतं. पण बाहेर एक बाबा म्हणाले, "घ्या की मावशी, लय गोड कांदा हाय!" झालं! चौघींच्या चार पिशव्या भरल्या.

माझ्या मिस्टरांनी दारातच विचारलं, "ट्रिपला गेली होतीस की माल भरायला?"

ताईंना ओझं उचलायची मनाई. मंदारला कळू नये म्हणून त्यांची पिशवी माझ्याकडे लपवली. ताईंचे कांदे अजून माझ्याकडेच आहेत. म्हणजे सालं आहेत.

*

आणि मग एकदा गाडीच लेट झाली. नाशिकरोडला उतरलो तेव्हा चांगला अंधार पडलेला आणि मंदार हाताची घडी घालून उभा. ताईंचा चेहरा पाहवेना हो!

तो म्हणाला, "पुढच्या वेळी मी येणार. तुमचं काय चालतं ते बघतो, मग ठरवू."

ट्रिप होती जळगाव, भरीत खायला. पण घास कुणाला गोड लागतोय? मंदार दिवसभर ताईंचा दंड धरून. "आई, पाणी पी. आई, दाराकडे नको. आई, हळू!" आम्ही सगळ्या परीक्षेला बसल्यासारख्या. ताईंची सगळी पुढची फिरती त्या एका दिवसावर टांगलेली!

येताना मनमाड आलं. मंदार उठला. "कुणी जागचं हलायचं नाही. चहा मी आणतो."

आम्ही नाही हललो. गाडी हलली!

खिडकीतून बघतो तर मंदार दोन्ही हातांत चहा घेऊन प्लॅटफॉर्मवर धावतोय! कल्पना किंचाळली, सविता साखळीकडे झेपावली. ताईंनी तिला हाताने अडवलं आणि शांतपणे फोन लावला.

"मंदार, पळू नकोस बाळा. मागून गाडी आहे. तिकीट काढ आणि बाकावर बस. चहा पिऊन टाक, गार होईल. आणि घाबरू नकोस. मी नाशिकरोडला थांबते, तुला घेऊनच घरी जाईन!"