धर्मराजांची नळपाहणी

घणसोली गावातल्या आपल्या चार मजली चाळीत धर्मराज दर महिन्याच्या एक तारखेला नळ बघायला जात. भाडं फोनवरच येत असे आणि नळही धडधाकट होते. पण मालकाने तोंड दाखवावं, असं त्यांचं मत होतं. तोंड दाखवलं की भाडेकरू त्यात काहीतरी घालत. साताऱ्याकडच्या अस्मिताकडे बेसनाचे लाडू, वरच्या मजल्यावर नारळाची बर्फी, गच्चीलगतच्या खोलीत खीर. उभ्याने खाल्लेलं जेवण नसतं, आणि दुसऱ्याच्या घरी खाल्लेलं तर नुसता मान असतो, हा हिशोब त्यांनी स्वतःशीच पक्का केला होता.

घरी मात्र भाकरी आणि दुधी. साखरेची तपासणी जवळ आली की चार दिवस ते परीक्षेला बसल्यासारखे कारली खात आणि सुईच्या टोकावर पास होत.

यंदा डॉक्टर स्नेहलबाईंनी तीन महिन्यांची साखर सांगणारी तपासणी केली. धर्मराज सपशेल नापास. शिवाय तळपायाला खडा टोचलेला त्यांना कळत नव्हता. साखर उतरली नाही तर चैत्रातल्या जत्रेत गावदेवीच्या पालखीला खांदा द्यायचा नाही, असं बाईंनी बजावलं. पुढचा खांदा वडिलांपासून त्यांच्या घराचा. तो आता चुलतभाऊ हिरामणकडे जाणार होता, आणि हिरामण खांद्यावर शिडी घेऊन गल्लीत सराव करू लागलाही होता.

त्यांच्या बायकोला, शेवंताबाईंना, कोडं पडलं. दुधी खाऊन साखर चढते कशी? पुढच्या एक तारखेला त्या नवऱ्याच्या मागोमाग जिना चढल्या.

अस्मिताने दार उघडलं आणि काही न विचारता ताटली पुढे केली. मागच्या वेळी दोनच घेतले होते, आज तीन घ्यायचे, असा आग्रहही केला. शेवंताबाई सरळ मोरीत गेल्या, नळ सोडला, बंद केला.

"नल तर चांगला हाय," त्या म्हणाल्या. "आता हिला तुमी सांगता का मी सांगू?"

धर्मराजांनी लाडवाकडे पाहिलं. नको म्हणायला त्यांना कधी जमलंच नव्हतं, कारण नको म्हटलं की कारण सांगावं लागतं. आजारी मालकाची चाळसुद्धा हलत असल्यासारखी वाटते लोकांना, अशी त्यांची भीती.

"मला शुगर हाय," ते लाडवालाच सांगावं तसं पुटपुटले.

अस्मिता हसली. "एवढंच ना, मालक? आमच्या ह्यांना पण आहे." आणि तिने फ्रिजमधून कारल्याच्या रसाचा ग्लास आणला.

बातमी त्यांच्याआधी जिना चढली. वरच्या मजल्यावर मेथीचं पाणी तयार होतं, गच्चीलगत जांभळाच्या बियांची पूड. लाडू नाकारता येत नव्हता तसा हा रसही नाकारता येईना. पुढल्या महिन्यापासून धर्मराजांना चाळीतले सगळे नळ उत्तम असल्याचा साक्षात्कार झाला. एक खरंच ठिबकू लागला, तेव्हा त्यांनी प्लंबरला खालूनच बोट दाखवलं.

लाडू सुटले, गोळ्या वेळेवर जाऊ लागल्या, संध्याकाळचं चालणं लागलं. जत्रेआधी साखर उतरली. स्नेहलबाईंनी खांद्याला परवानगी दिली, पण तापल्या रस्त्यावर अनवाणी नाही. पाय अजून बधिरच होते. पालखीखाली बूट ही गोष्ट गावाने ऐकली नव्हती. शेवंताबाईंनी नव्याकोऱ्या कापडी बुटांवर लाल लुगड्याच्या पिशव्या शिवल्या.

हिरामण पायांकडे बघून कुरकुरला. "देवीला ह्यांचा खांदा पायजे," शेवंताबाई म्हणाल्या, "तलपाय नाय."

पालखी चाळीसमोरून गेली तेव्हा जिन्यावर भाडेकरू कडू रसाचे ग्लास घेऊन उभे होते. धर्मराजांनी दोन्ही हातांनी दांडा घट्ट धरला, मान लववून सगळ्यांना नमस्कार केला, आणि तसेच पुढे निघून गेले.