रायफलवरची लाल रेघ

ही केस आठवली की माझं डोकं अजूनही तापतं. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत, डॉक्टर सांगतात राग सोडा. पण हा राग सोडायला मी तयार नाही.

काळ ऐंशीच्या दशकाच्या मध्याचा. शिकागोजवळच्या नेपरव्हिलपासून गाडीने अर्ध्या तासावरच्या एका लहान गावात मी पोलीस डिटेक्टिव्ह होतो. खात्यात बावीस माणसं, त्यात सावळा मी एकटाच. माझ्या आडनावाचे तुकडे करून सहकाऱ्यांनी नुसतं ‘पी’ एवढंच शिल्लक ठेवलं होतं. आजूबाजूची मराठी मंडळी डॉक्टर, इंजिनिअर. आपला मुलगा अमेरिकेत जाऊन पोलीस झाला, हे माझ्या आईने पुण्यात बरीच वर्षं कोणाला सांगितलं नव्हतं.

ऑक्टोबरमधल्या एका शनिवारी दुपारी नेमबाजीच्या मैदानावरून फोन आला, रायफल फुटून माणूस जखमी झालाय. मक्याच्या कापलेल्या शेतांमधून मी पोहोचलो तेव्हा अँब्युलन्स निघाली होती. जखमी माणूस जवळच्या पंपाच्या कारखान्यातला फोरमन. पोलादाचा तुकडा उजव्या डोळ्यात गेला होता. बाकाशेजारी एक मराठी गृहस्थ गुडघ्यांवर बसले होते आणि ‘माझी रायफल, माझी रायफल’ असं इंग्रजीत पुटपुटत होते. माझ्या छातीवरची नावाची पट्टी वाचली आणि ते एकदम मराठीत बोलायला लागले.

“साहेब, पहिला मान म्हणून मीच त्याच्या हातात दिली हो. मीच म्हटलं, फर्स्ट शॉट तुझा.”

तुकडे गोळा करून मी पुराव्याच्या पिशव्यांत भरले. लाकडी दस्ता शाबूत होता, त्यावर बदामाच्या आकाराची काळपट गाठ होती. ती गाठ मी जरा जास्तच वेळ बघितली आणि पिशवीला सील लावलं.

हे गृहस्थ त्याच कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर होते. चौदा वर्षं एका छपराखाली काम केलं, पण सहकाऱ्यांच्या शनिवारच्या नेमबाजीला त्यांना कधी कोणी बोलावलं नव्हतं. त्या उन्हाळ्यात फोरमनने बोलावलं. दोनतीनदा दुसऱ्याच्या बंदुकीने नेम धरला, मग उसनवारी बरी नाही म्हणून त्यांनी स्वतःची सेमी-ऑटोमॅटिक रायफल घेतली. एकदा घोडा दाबला की एक गोळी सुटते आणि पुढची आपोआप भरली जाते, अशी ही रायफल. राज्याचं परवानापत्र वगैरे सगळं रीतसर. सेलमध्ये, अर्ध्या किमतीत मिळाली होती. गावातल्याच दुकानातून, जिथून आमच्या खात्याची काडतुसं यायची आणि आम्हा पोलिसांना डिस्काउंट मिळायचा.

सोमवारी सकाळी स्टेशनवर निनावी फोन आला. पुरुषाचा आवाज, घाईघाईचा. “त्या इंडियनने रायफलला कसली तरी लाल-पिवळी पूड फासली होती. त्यांच्यात तसली पूजा असते. नळी चोंदली आणि फुटली. त्याला विचारा.” एवढं बोलून फोन ठेवला.

दुपारी राज्याच्या प्रयोगशाळेचा प्राथमिक अहवाल आला, त्यातही तेच. धातूवर लाल आणि पिवळ्या पुडीचे अंश. झालं! सार्जंटने कागद टेबलावर आपटला.

“पी, हे काय आहे? तुझे लोक बंदुकीची पूजा करतात?”

“दसऱ्याला हत्यारांची, अवजारांची करतात. माझी आई खिसणीचीही करते.”

कोणीतरी हात जोडून डोळे मिटले, कोणीतरी गूढ मंत्रासारखं काहीतरी पुटपुटलं, आणि ब्रीफिंगची खोली हसली. एका माणसाचा डोळा गेला होता आणि ही मंडळी हसत होती. माझा संताप संताप झाला. पण मी ओरडलो असतो, तर केस माझ्याकडून गेली असती आणि पूजा म्हणजे काय हेही ठाऊक नसलेल्याकडे गेली असती. मी अहवाल उचलून फाइलला लावला.

सार्जंटच्या मनात गुन्हा ठरला होता. बेफिकिरीने दुसऱ्याच्या जिवाला धोका. तो लागला असता तर या गृहस्थांची नोकरी गेली असती. तीन आठवड्यांवर त्यांची नागरिकत्वाची मुलाखत होती, तीही गेली असती. शुक्रवारपर्यंत काय ते सांग, नाहीतर कागद सरकारी वकिलाकडे जातील, असं मला बजावण्यात आलं. मी एकच अट घातली. प्रत्येक जबाबाला दुसरा डिटेक्टिव्ह बसेल, म्हणजे मी माझ्या माणसाला वाचवलं असं उद्या कोणी म्हणायला नको.

जबाब घेताना टेपरेकॉर्डर चालू, भाषा इंग्रजी. गृहस्थ इस्त्रीचा शर्ट घालून, खिशाला दोन पेनं लावून आले होते. नळीत काही घातलं होतं का? नाही. पूजा केली होती का? केली होती. रायफल घेताना तपासली होती का? इथे त्यांच्या अंगात थोडा जीव आला. तासभर तपासली, म्हणाले. दस्ता खांद्याला लावून बघितला, घोडा किती ओढावा लागतो ते बघितलं, नळीतून उजेड बघितला. शिवाय सेलच्या किमतीवर आणखी वीस डॉलर कमी करून घेतले आणि कव्हर फुकट. त्या अवस्थेतही हे वीस डॉलर सांगताना ते किंचित ताठ बसले.

मी विचारलं, पूजेनंतर, मैदानावर नेण्याआधी, रायफलीचं आणखी काही केलं का?

“नाही,” ते टेबलाकडे बघून म्हणाले.

अकरा वर्षांच्या नोकरीत एक गोष्ट मी पाहिली होती. गुन्हा लपवणारा माणूस बहुधा तुमच्या तोंडाकडे बघत राहतो, तुम्हाला किती कळलंय ते त्याला हवं असतं. लाज लपवणारा टेबलाकडे बघतो. मी टेप बंद केला आणि दुसऱ्या डिटेक्टिव्हला घेऊन त्यांच्या घरी गेलो.

त्यांच्या पत्नीने दार उघडलं. आम्ही महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमांत एकमेकांना पाहिलेलं होतं, मी त्यांना वहिनी म्हणायचो; गृहस्थ तिकडे कधी फिरकत नसत. माझ्या सोबत्याला त्यांनी चहा दिला, मला दिला, आणि ओट्याला टेकून उभ्या राहिल्या.

“भाऊ, सांगू की नको तेच कळत नाही. ह्यांनी शपथ घातलीय.”

“वहिनी, शपथ नंतर उतरवू. आत्ता सांगा.”

दसऱ्याला त्यांनी पाटावर सगळं मांडलं होतं. शिवणयंत्र, गाडीच्या किल्ल्या, ह्यांची मोजमापाची हत्यारं, शेजारच्या डॉक्टरबाईंचा स्टेथोस्कोप, आणि नवी रायफल. आपट्याची पानं नाहीत म्हणून मेपलची. तेलात कालवलेल्या कुंकवाची पाच बोटं रायफलीच्या मधल्या पोलादी भागावर ओढली. गोळी फुटते तेव्हाचा सगळा दाब हाच भाग सोसतो. वर हळद. दुसऱ्या दिवशी सगळं पुसून घेतलं.

“सगळं निघालं, पण एक रेघ राहिली. नखाएवढी, केसासारखी बारीक. घासली तरी जाईना. मी म्हटलं, अहो, ही बघा. तर हे बघतच राहिले. मग संध्याकाळी दुकानात घेऊन गेले, हळद-कुंकवाचंही सांगितलं. दुकानदाराने अंगठा फिरवला आणि हसला म्हणे. ओरखडा आहे, तेल लाव, आणि ही पूड परत फासू नकोस.”

मी कप खाली ठेवला. मैदानावरच्या एकालाही पूजेचा पत्ता नव्हता. शेजारच्या डॉक्टरबाईंना होता, पण निनावी फोन करणारा पुरुष होता. मग पूड पाहिलेला बाहेरचा पुरुष उरला कोण?

स्टेशनवर परत आलो आणि गृहस्थांना समोर बसवलं. या वेळी मराठीत सुरुवात केली, सोबत्याला भाषांतर नंतर देतो म्हणून सांगितलं.

“अहो, तोंड उघडायला काय झालं होतं तुम्हाला? तुरुंगात जायची हौस आहे का?”

त्यांनी खिशातलं एक पेन काढून टेबलावर ठेवलं. “साहेब, कारखान्यात माझं काम काय आहे माहितीय? पंपाच्या कास्टिंगवर लाल रंग टाकायचा आणि पुसायचा. तडा असला तर रंग आत राहतो, लाल रेघ दिसते. चौदा वर्षं दुसरं काही केलं नाही मी. ती रेघ बघितल्यावर मनात आलंच होतं. म्हणून तर दुकानात गेलो. पण तो म्हणाला ओरखडा. त्याचा धंदा आहे, त्याला कळणार, मी कोण? आणि शनिवार तोंडावर आलेला. येत नाही म्हटलं असतं तर परत कोणी बोलावलं नसतं. आता कुठल्या तोंडाने सांगू, की इन्स्पेक्टर असून...”

मला त्यांचा राग आला आणि कीवही आली. जबाब पुन्हा रीतसर नोंदवला.

मग प्रयोगशाळेतल्या तज्ज्ञाला फोन केला. म्हटलं, पूड सापडली ते ठीक, पण कुठे? चोंदली असती तर नळी फुगली असती, तशी फुगलीय का? नाही म्हणाला, नळी सरळ आणि स्वच्छ आहे. मी म्हटलं, आता फुटलेला पृष्ठभाग भिंगाखाली धर आणि मला रंग सांग. तासाभराने त्याचाच फोन आला, आवाज बदललेला होता. तुटलेल्या कडेचा बहुतेक भाग ताज्या पोलादासारखा चकचकीत होता. पण नखाएवढा तुकडा आतपर्यंत लाल. म्हणजे कुंकू आत झिरपलं तेव्हा तडा होताच, आणि गृहस्थांकडे आल्यापासून तोवर त्या रायफलीतून एकही गोळी उडाली नव्हती. ज्या पूजेला खोली हसली होती, तिनेच पुरावा जपून ठेवला होता.

गुरुवारी दुकानदाराला बोलावलं. गोरा, गुबगुबीत, हसरा माणूस. माझ्या पाठीवर थाप मारून बसला. विक्रीनंतर ती रायफल पुन्हा पाहिलीस का? छे, कधीच नाही. मी वही चाळत सहज म्हटलं, प्रयोगशाळा नुसती पूड म्हणते, नळीच्या तोंडाशी असेल का?

“नाही नाही, मध्ये, बाजूला,” तो म्हणाला. “नखाएवढी लाल रेघ होती.”

माझा सोबती लिहायचा थांबला. दुकानदारानेही आपलं वाक्य ऐकलं असावं, कारण हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं आणि मान लाल झाली. मग तो उसळला. “तुम्हा लोकांना सगळं स्वस्त पाहिजे. मग स्वस्त मिळतं!”

टेबलाखाली माझी मूठ वळली होती. अरे, स्वस्त मागितलं म्हणून माणसाच्या हातात मरण द्यायचं? पण त्याला हात लावला असता तर त्याच्या वकिलाचं काम मीच केलं असतं. मी त्याला त्याचे हक्क वाचून दाखवले आणि वकील बोलवायला सांगितलं.

बाकीचं सोपं होतं. शेजारच्या गावात एक म्हातारा बंदुका दुरुस्त करायचा. त्याने त्याच वसंतात ही रायफल तपासून दुकानदाराला सांगितलं होतं की मधला भाग तडकलाय, ही उडवू नकोस, सुटे भाग काढून घे. दुकानदाराने वरून घासून घेतली, पॉलिश केली, नवा काळा मुलामा चढवला आणि सेलची चिठ्ठी लावून टांगली. पुढे त्याने गुन्हा कबूल केला, परवाना गेला, काही महिने आत राहिला. फक्त काही महिने! गृहस्थांवर गुन्हा दाखल झाला नाही, मुलाखत वेळेवर झाली. फोरमनचा डोळा मात्र गेला तो गेलाच. त्याने गृहस्थांना दोष दिला नाही. शनिवारी पुन्हा बोलावलंही नाही.

लोक विचारतात, या केसने काय शिकवलं? स्वस्त वस्तू घेताना काय बघावं ते सांगू शकतो. पोलादावर ठोकलेली अक्षरं आणि नंबर बघावे. त्यांच्या कडा बोथट झाल्या असतील तर वरून खूप घासलंय. लाकूड जुनं आणि धातू नवा दिसला तर का ते विचारावं. किंमत निम्मी असेल तर उरलेली निम्मी कुठे गेली तेही विचारावं.

हे मला ऑक्टोबरात कळलं नव्हतं. ऑगस्टपासूनच माहीत होतं.

ऑगस्टमध्ये काडतुसं आणायला मी त्या दुकानात गेलो होतो. भिंतीवरची एक सेलची रायफल काढून हातात घेतली. अक्षरं बोथट, लाकूड जुनं, दस्त्यावर बदामासारखी गाठ. यात काहीतरी लपवलंय हे मला तिथल्या तिथे समजलं. घेईल एखादा खुळा, असं मनात म्हटलं, ती परत टांगली, माझा पोलिसांचा डिस्काउंट घेतला आणि बाहेर पडलो. गणवेशात होतो. एक शब्द विचारला असता तर त्या दुकानदाराला ती उतरवावी लागली असती. त्या गृहस्थांनी निदान दुकानात जाऊन विचारलं तरी. मी तेवढंही केलं नाही. आणि मैदानावर मीच त्यांच्याकडे संशयाने बघत पिशवीला सील लावत होतो!

हे कुठल्याच अहवालात नाही. पुढच्या दसऱ्याला सोनं द्यायला त्यांच्या घरी गेलो तेव्हा मेपलची पानं हातात धरूनच त्या दोघांना सांगितलं. गृहस्थांनी पाटावरचं शिवणयंत्र उगाचच सरळ केलं. वहिनी आत गेल्या, चहा घेऊन आल्या, कप माझ्यासमोर ठेवला. एरवी त्या ‘घ्या भाऊ’ म्हणायच्या. त्या दिवशी म्हणाल्या नाहीत.