न विकलेल्या घराची किल्ली

ती घटना मी विसरलेलो नाही, आणि विसरू नये असंच मला वाटतं. गुन्हा उघडकीस आला, आरोपीही सापडला. पण त्याआधी मी एका निर्दोष माणसाला तीन दिवस ठाण्याच्या व्हरांड्यात बसवलं होतं.

तेव्हा मी हिंगोलीत सहायक पोलीस निरीक्षक होतो. सकाळची हजेरी झाली होती, बंदोबस्ताची वाटणी चालू होती, तेवढ्यात ठाणे अंमलदाराने फोन माझ्याकडे दिला. पलीकडून एक निवृत्त मुख्याध्यापिका बोलत होत्या. नव्या वसाहतीत त्या एकट्या राहायच्या.

"साहेब, माझ्या फाटकासमोर सामान भरलेला टेम्पो उभा आहे. त्यातले लोक म्हणतात, हे घर त्यांचं आहे."

एक हवालदार आणि एक महिला अंमलदार घेऊन मी निघालो. टेम्पोत लोखंडी पलंग, कपाट, शेगडी आणि चादरीत गुंडाळलेली बुद्धाची तसबीर होती. पुढच्या सीटवर एक आजारी बाई बसल्या होत्या, त्यांचे पाय सुजलेले होते. फाटकापाशी त्यांचे पती हातात किल्ली घेऊन उभे होते. वय पासष्टच्या आसपास, इस्त्रीचा पांढरा शर्ट. पुसेगावचे शेतकरी.

"साहेब, हे घर आमच्या लेकीनं घेतलंय. ही बघा किल्ली. आमी कोणाच्या घरात घुसाया न्हाई आलो."

मी म्हटलं, "लावून बघा."

किल्ली कुलपात शिरलीच नाही. त्यांनी ती उलटी करून पाहिली, शर्टाला पुसून पुन्हा पाहिली. गल्लीतले लोक जमले होते, पण कोणी हसलं नाही. मी जबाब घ्यायला वही काढली, तशा मुख्याध्यापिका पुढे आल्या.

"आधी त्या बाईंना आत बसू द्या, मग काय लिहायचं ते लिहा."

आम्ही सगळेच आत बसलो. त्यांनी चहा दिला, तो बिनसाखरेचा होता. "मला मधुमेह आहे, घरात साखर ठेवतच नाही," त्या म्हणाल्या.

हकिकत अशी होती. या दांपत्याची एकुलती मुलगी आखातात परिचारिका होती. आईला आठवड्यातून तीनदा हिंगोलीला डायलिसिससाठी यावं लागायचं. पुसेगावाहून जीपने येणं आणि उपचारानंतर तसंच धक्के खात परत जाणं त्यांना सोसवत नव्हतं. म्हणून मुलीने रुग्णालयाजवळ घर घ्यायचं ठरवलं. सुट्टी मिळत नव्हती, म्हणून फोनवरच जाहिराती पाहिल्या. त्यात हे घर दिसलं. दारापासून गच्चीपर्यंतचा व्हिडिओ होता. खाली एजंटचं नाव, फोटो आणि नोंदणीचा क्रमांक. तिने तो क्रमांक तपासला, तो खरा निघाला. पुढचं सगळं व्हॉट्सॲपवर झालं. करारनामा आला आणि पैसे गेल्यावर किल्लीही पुसेगावला कुरियरने आली.

मी वडिलांना विचारलं, "तुम्ही तर जवळच राहता. घर आतून पाहिलं नाही?"

"भायेरून पाह्यलं. एजंट फोनवर म्हणला, आत एक म्हाताऱ्या बाई भाड्यानं हायेत, महिनाभरात जातील, त्यायला तकलीफ देऊ नका. दुकानावर बी येऊ नका, दुसरं गिऱ्हाईक टपून बसलंय, त्याला कळलं तर घर हातचं जाईल."

जाहिरातीतला एजंट खरोखर अस्तित्वात होता. तहसीलजवळ त्याचं छोटं दुकान होतं. आत चार प्लास्टिकच्या खुर्च्या, भिंतीवर शहराचा नकाशा. मी त्याला ठाण्यात आणलं.

"साहेब, त्या ताईशी मी कधी बोललोच न्हाई. फोटो माझा हाय, फोन नंबर माझा न्हाई."

असली वाक्यं मी नोकरीत पुष्कळ ऐकली होती. शिवाय एक धागा थेट त्याच्याकडेच जात होता. मुख्याध्यापिकांना आपला खालचा भाग भाड्याने द्यायचा होता. चार महिन्यांपूर्वी याच एजंटने त्यांच्याकडे एक माणूस पाठवला होता. त्या माणसाने "आईला दाखवायचंय" म्हणून सगळ्या घराचा व्हिडिओ काढला आणि पुन्हा फिरकला नाही. व्हिडिओ तोच होता. दोघांची मिलीभगत आहे, असं मी मनाशी पक्कं केलं.

त्याच दिवशी मुलीने एजंटचा फोटो फेसबुकवर टाकला आणि लिहिलं, "या माणसापासून सावध राहा." संध्याकाळपर्यंत तो फोटो सेनगावपर्यंत पोचला. दुसऱ्या दिवशी त्याच्या दुकानाच्या पाटीला कोणीतरी काळं फासलं.

मग खबर आली. फोन करणारा त्याच धंद्यातला होता. "साहेब, त्याच्याकडं एक डायरी हाय. कोणाला दाखवत न्हाई. खणात कुलूप लावून ठेवतो."

मी डायरी मागितली. एजंट म्हणाला, "ती देणार न्हाई."

"का?"

मी आवाज चढवला, खुर्चीवरून उठवून भिंतीशी उभं केलं, जप्तीची भीती घातली. दोन तास तो एकच सांगत राहिला, "जे पान पायजे ते दाखवतो. डायरी देत न्हाई." लपवतोय म्हणजे पाणी मुरतंय, हा माझा वर्षानुवर्षांचा अनुभव होता आणि मी त्याच अनुभवाला धरून बसलो होतो.

तिसऱ्या दिवशी मुलीने फोनवरच्या संभाषणांची रेकॉर्डिंग पाठवली. एक आवाज गोड बोलत होता, "ताई, काहून घाबरून राहिल्या तुमी? उद्या दुसऱ्यानं घेतलं तर मला बोल लावू नका." तीन दिवस एजंटजवळ बसलेला माझा हवालदार म्हणाला, "साहेब, हा आवाज याचा न्हाई." पण आवाज साथीदाराचाही असू शकतो. तेवढ्यावर मी त्याला सोडणार नव्हतो.

मात्र त्या दिवशी मी बाकीच्यांना बाहेर पाठवलं, त्याला खुर्ची दिली आणि साध्या आवाजात विचारलं, "डायरीत आहे तरी काय?"

त्याने खुर्ची जवळ ओढली. मग म्हणाला, "घर पाहाया आलेल्या परत्येकाचं नाव आन् कोणाला कुठं खोली दिली ते. एक बाई हाय, नवऱ्याच्या मारातून लेकरू घेऊन निघालेली. एक जोडपं हाय, दोन्हीकडची माणसं त्यायला शोधून राहिलीत. त्यायला मी शब्द दिलाय, पत्ता माझ्या दुकानाभायेर जाणार न्हाई. तुमच्या ठाण्यात दहा माणसं येतात-जातात साहेब. मला लबाड म्हणा, चोर म्हणा. पण त्यायचं काही झालं तर मी कुठं तोंड दाखवू?"

जप्तीचा अधिकार मला होता. पण नावावर काळं फासलं गेलेलं असताना, तुरुंग समोर दिसत असताना जो माणूस दुसऱ्यांचा पत्ता सांभाळतो, तो एका परिचारिकेला फसवेल का? हा प्रश्न मी पहिल्या दिवशी विचारायला हवा होता.

तहसीलचे दोन कर्मचारी पंच म्हणून घेतले आणि आम्ही दुकानात गेलो. त्याने खण उघडला, मागची-पुढची पानं दोऱ्याने बांधली आणि एकच पान समोर धरलं. पंचनामा त्या पानापुरताच झाला. त्यावर घर पाहायला आलेल्याचं नाव होतं, ओळखपत्राची झेरॉक्स चिकटवलेली होती आणि कोपऱ्यात मोटरसायकलचा नंबर होता.

नाव खोटं निघालं, ओळखपत्रही बनावट. नंबर खरा होता.

मी विचारलं, "गाडीचा नंबर कशाला लिहितोस?"

"कागद माणूस बनवून आणतो, साहेब. गाडी घरचीच आणतो."

गाडी निघाली वाशीम जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याची, आणि ती वापरत होता त्याचा मेहुणा. वय तीसच्या आत, सेनगावात खोली घेऊन राहणारा, प्लॉटांच्या जाहिरातींचे व्हिडिओ बनवून देणारा. लोकांचा विश्वास बसावा म्हणून एजंटने आपला फोटो आणि नोंदणी क्रमांक स्वतःच ऑनलाइन टाकले होते. याने ते तिथूनच उचलले होते.

ठाण्यात तो निवांत बसला. हिंगोलीतली ती वसाहत त्याने कधी पाहिलीच नव्हती म्हणे. मुख्याध्यापिकांचं नावही ऐकलं नव्हतं. मी वाद घातला नाही. चहा मागवला. तो घोट घेत असताना सहज म्हटलं, "बाईंच्या घरी तर याहून गोड चहा मिळाला असेल तुला."

"कशाचा गोड, पार फिक्का..." एवढं बोलून तो थांबला. कप हातातच राहिला.

मी काही बोललो नाही. हवालदारही गप्प राहिला. चौकशीत कधीकधी गप्प बसणंच कामाला येतं. दहा मिनिटांनी त्याने सांगायला सुरुवात केली. तोंडच्या कबुलीवर खटला उभा राहत नाही, म्हणून पंचांसमक्ष त्याच्या खोलीतून मूळ व्हिडिओ असलेला फोन, सिमकार्डं आणि करारनाम्याचा मसुदा जप्त केला. आणखी दोन घरांच्या जाहिराती तयार होत्या. मुलीच्या पैशांपैकी काही रक्कम सायबरच्या लोकांनी वेळेत गोठवली. बाकीची गेली ती गेलीच.

एजंटला सोडताना मी कोरडेपणाने म्हटलं, "तुमचा संबंध नाही, जाऊ शकता." तो हात जोडून गेला. ते माझ्या मनाला लागून राहिलं. मंगळवारी बाजार असतो. भर बाजाराच्या वेळी मी गणवेशात त्याच्या दुकानात गेलो, उंबऱ्याजवळची खुर्ची घेतली आणि तासभर बसलो. येणारे-जाणारे थांबून पाहत होते. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "माझी चूक झाली." बाहेर जाऊन त्याने दोन चहा सांगितले.

मुलीनेही ती पोस्ट काढून टाकली, त्या जागी माफी लिहिली आणि त्याला फोन केला. तो संवाद तिने मला नंतर सांगितला. ती म्हणाली, "दादा, मी तुमचं फार वाईट केलं." तो म्हणाला, "ताई, तुमच्या जागी मी असतो तर मी बी तेच केलं असतं. आता आईचं बघू."

आईची सोय तर आधीच झाली होती. टेम्पो आला त्याच दिवशी मुख्याध्यापिकांनी खालचा भाग उघडून दिला होता. "घर तर तुम्ही घेतलंच होतं, निदान राहा तरी," त्या म्हणाल्या होत्या. भाड्याचा रीतसर करार पुढे त्याच एजंटने करून दिला.

सात-आठ महिन्यांनी मुलीने रुग्णालयामागे लहानसं घर घेतलं, तेही परदेशातूनच, फोनवर पाहून, याच एजंटमार्फत. मी तिला विचारलं, "एकदा फसल्यावर पुन्हा हिंमत कशी झाली?"

ती म्हणाली, "साहेब, व्हिडिओ कॉलवर त्यांनी पहिल्यांदा मला स्वयंपाकघराची ओली भिंत दाखवली. पावसाळ्यात पाणी झिरपतं म्हणाले. मग गटार दाखवलं. मग शेजारणीला फोन दिला, म्हणाले, हिला विचारा, मला नका विचारू. मालकीचे कागद वकिलाला दाखवा म्हणून तेच माझ्या मागे लागले. मी पैसे पाठवते म्हटलं, तर आई-बाबा आत जाऊन नळ सोडून बघेपर्यंत घेईनात."

त्या खोट्या व्हिडिओत एकही ओली भिंत नव्हती. तिथे सगळं छान होतं आणि सगळ्याची घाई होती.

नोकरीभर मी लपवणाऱ्याला चोर समजत आलो. या प्रकरणाने शिकवलं, की माणूस काय लपवतो एवढं पाहून भागत नाही, ते कोणासाठी लपवतो हेही विचारावं लागतं. घर घ्यायला निघालेल्यांना मी एवढंच सांगतो: जो घराची खोट स्वतःहून दाखवतो आणि "चौकशी करा" म्हणतो, त्याच्याशी पुढचं बोला. आणि ठाण्यात नव्याने रुजू होणाऱ्या अधिकाऱ्यांना सांगतो, संशयिताला उभं करायला दोन मिनिटं लागतात. त्याला आधी खुर्ची देऊन बघा. मला ते सुचायला तीन दिवस लागले.